शंभर ग्रॅमला चौऱ्याऐंशी

बायकोला आठ किलो वजन कमी करायचंय, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि घरी येताना वाटेतच काटेवाल्यांनी स्वयंपाकघरात ठेवायचा काटा विकत घेतला. एकेक ग्रॅम दाखवणारा. दुकानदार म्हणाला, "घरगुती वापराला पाच ग्रॅमचा पुरतो हो." काटेवाले म्हणाले, "तुम्हाला पुरत असेल." आणि पिशवी काखोटीला मारून निघाले. बायको शेजारून चालत होती. ती काही बोलली नाही, पण काटेवाल्यांच्या ते लक्षातही आलं नाही, कारण त्यांच्या डोक्यात तोवर भागाकार सुरू झाला होता.

काटेवाले म्हणजे कोण, ते आधी सांगतो. शहराच्या टोकाला, मालाचे ट्रक जिथून आत शिरतात तिथे, रस्त्यातच बसवलेला मोठा वजनकाटा आहे. त्याच्या कडेच्या काचेच्या खोलीत गेली सव्वीस वर्षं बसलेला माणूस म्हणजे हे. भरलेला ट्रक काट्यावर चढला की आकडा लिहायचा. माल उतरवून तोच ट्रक रिकामा परत आला की पुन्हा आकडा. दोन्हींतला फरक म्हणजे माल. काम एवढंच, पण हे गृहस्थ ते अशा थाटात करायचे की जणू यांनी डोळा मिटला तर पृथ्वीच एका बाजूला कलंडेल! ड्रायव्हर लोकांनी 'काटेवाले' म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव इतकं चिकटलं की मेहुणासुद्धा त्यांना त्याच नावाने हाक मारू लागला.

हा मेहुणा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ, दादा. पाट्या रंगवण्याचा धंदा. दुकानांच्या पाट्या, दारांवरचे नंबर, ट्रकच्या दारावर रिकाम्या गाडीचं वजन. माणूस हसरा, थट्टेखोर, एकटा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या बसल्या. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलात जायचं, हाताला सुया टोचून घ्यायच्या आणि चार-चार तास रक्त गाळणाऱ्या मशीनशेजारी पडून राहायचं. पाणीसुद्धा मोजूनच प्यायचं. यंदा डॉक्टर म्हणाले, घरातल्या कोणाची किडनी जुळली तर बघू. घरातलं म्हणजे एकच, ही बहीण. तपासण्या झाल्या. जुळली. डॉक्टर खूश, नर्स खूश, दादाने तर तिथेच खुर्चीत बसल्या बसल्या टाळी वाजवली. अडचण एकच होती. तिचं वजन होतं शहात्तर, आणि अडुसष्टच्या वर असेल तर देणाऱ्याच्याच जिवाला धोका म्हणून ते शस्त्रक्रिया करायला तयार नव्हते.

म्हणजे गाडं आठ किलोंवर अडलं होतं. आणि किलो म्हटलं की काटेवाल्यांचा हात कोण धरणार?

हॉस्पिटलातल्या आहारवाल्या बाईंनी एक छापील कागद दिला होता. त्यात दुकानातल्या पाकिटांचे आकडे होते, फळांचे होते, एका अंड्याचा होता. घरी केलेल्या जेवणाचा मात्र नव्हता. काटेवाल्यांनी विचारलं, "आमच्या घरच्या सुपात किती कॅलरी?" बाई म्हणाल्या, "ते तुम्ही कसं करता त्यावर आहे." झालं! काटेवाल्यांना हेच हवं होतं. त्यांनी दोनशे पानी वही घेतली, रेघा मारल्या आणि घरातल्या प्रत्येक पदार्थाची चौकशी लावली.

पद्धत सोपी होती. पातेल्यात जे जे पडेल ते आधी काट्यावरून जाईल. दोनशे ग्रॅम मसूर, त्याचे सातशे. तीनशे ग्रॅम बटाटे, दोनशे तीस. गाजरं ऐंशी, कांदे साठ. तेल तीस ग्रॅम, एवढंसं दिसतं पण दोनशे सत्तर! सगळं मिळून तेराशे चाळीस. मग सूप झालं की भरलेलं पातेलं काट्यावर ठेवायचं, रिकाम्या पातेल्याचं वजन वजा करायचं. सूप भरलं सोळाशे ग्रॅम. म्हणजे शंभर ग्रॅमला चौऱ्याऐंशी. बायकोला एका वेळी अडीचशे ग्रॅम, म्हणजे दोनशे दहा. संपला विषय. दर वेळी रिकामं पातेलं कुठे मोजत बसायचं, म्हणून दादाने येऊन घरातल्या सगळ्या भांड्यांच्या बुडाशी त्यांची वजनं पिवळ्या रंगाने काढून दिली. ट्रकवर काढायचा तशीच, गोल गरगरीत अक्षरात.

"ठमे," दादा बहिणीला म्हणाला. लहानपणापासून तो तिला ठमीच म्हणायचा. "ठमे, तुझ्या पाठीवर पण काढू का गं? रिकामी गाडी अडुसष्ट?"

बायको हसली. तिला हसायला लागायचं, कारण दादा तिच्या हसण्याची वाट बघत थांबायचा.

पहिल्याच आठवड्यात काटेवाल्यांनी असा घोटाळा केला की विचारू नका. कागदावर लिहिलं होतं, शंभर ग्रॅम तांदळाला तीनशे छप्पन्न. यांनी तोच आकडा शिजलेल्या भाताला लावला. आता तीनशे ग्रॅम तांदळाचा भात भरतो साडेआठशे ग्रॅम! बिचारीच्या ताटात चार घास भात यायचा. सहाव्या दिवशी ती नोकरीवर, म्हणजे बालवाडीत, मुलांना झोपवता झोपवता स्वतःच भिंतीला टेकून झोपली. शेवटी लेकीने वही ओढून घेतली. लेक कॉलेजात शिकणारी, जिभेला हाड नसलेली.

"बाबा, पाण्याला कॅलरी नसते."

"म्हणजे?"

"म्हणजे भात पाणी पितो आणि फुगतो. तू आईला तांदळाच्या भावाने पाणी विकतोयस!"

काटेवाल्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. सव्वीस वर्षं पावसात भिजलेल्या वाळूचे ट्रक मोजणारा माणूस, आणि पाणी विसरला! त्यांनी ते पान फाडलं नाही. लाल रेघ मारली, खाली 'चूक' लिहिलं आणि भात नव्याने मोजला. त्या चुकीच्या आठवड्यात मात्र बायकोचं वजन सव्वा किलो उतरलं होतं.

मग त्यांनी पहिल्या दिवसापासूनचा सगळा हिशोब मांडला. एक किलो अंगावरून जायला साधारण सात हजार सातशे कॅलरी कमी पडाव्या लागतात. आठ किलोंना एकसष्ट हजार सहाशे. रोज साडेपाचशे कमी दिल्या, तर एकशे बारा दिवस. एकशे बारा दिवस म्हणजे बरोबर सोळा आठवडे. एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. रविवारी दादा आला तेव्हा काटेवाल्यांनी वही त्याच्यापुढे उघडून धरली आणि सोळाव्या रविवारच्या तारखेवर बोट ठेवलं.

"या दिवशी अडुसष्ट."

दादा बराच वेळ त्या तारखेकडे बघत राहिला. मग नेहमीसारखं हसून म्हणाला, "वा रे घर! माझं पाणी मोजून, हिचं जेवण मोजून. काटेवाले, तुम्ही तेवढे मोकळे."

पण त्याचे डोळे भरून आले होते, ते सगळ्यांनी पाहिलं.

आता मजा बघा. दुसरा आठवडा गेला, तिसरा गेला, पाचवा गेला. वजन ढिम्म. चौऱ्याहत्तर-आठशे. चौऱ्याहत्तर-सहाशे. पुन्हा चौऱ्याहत्तर-आठशे. दर रविवारी सकाळी बायको बाथरूममधल्या काट्यावर उभी राहायची, काटेवाले वाकून आकडा वाचायचे आणि वहीत लिहायचे. आहारवाल्या बाई म्हणाल्या, असं होतं कधी कधी, शरीर अडून बसतं. दादा म्हणाला, "ठमी लहानपणापासूनच हट्टी आहे." सगळ्यांनी धीर धरला. काटेवाल्यांनी मात्र नव्या उमेदीने सगळं परत तपासलं. तेलाचा चमचा घासून पुसून मोजला. मिठाचा सुद्धा हिशोब केला, तो शून्य निघाला. कोबी, अंडी, पाव, दही, सगळ्यांची पानं पुन्हा लिहून काढली. कुठेच फट सापडेना. चौदावा आठवडा संपत आला तरी काटा चौऱ्याहत्तरच्या खाली यायला तयार नाही. हिशोबाने तोवर एकोणसत्तर यायला हवं होतं. माणसाने हात टेकले असते, पण हे काटेवाले.

तेव्हा त्यांना आपल्या धंद्यातली गोष्ट आठवली. तिकडे भरलेला ट्रक निघतो तेव्हाचं वजन आणि पोचतो तेव्हाचं वजन जुळलं नाही तर त्याला घट म्हणतात. घट आली की माल बघायचा नसतो, रस्ता बघायचा असतो. आणि इथे इतके दिवस आपण फक्त बायकोचं ताट मोजत होतो! पातेल्यात उरतं त्याचं काय, ते कोणी पाहिलंच नव्हतं.

त्या रात्रीच्या जेवणानंतर उरलेलं सूप डब्यात भरलं, त्याचं वजन भरलं सातशे. सकाळी पुन्हा मोजलं, सहाशे अठ्ठ्याऐंशी. बारा ग्रॅम वाफेला सोडून द्या. त्यातून रोजच्यासारखं बायकोचं दुपारचं अडीचशे वेगळं काढलं. म्हणजे संध्याकाळी चारशे अडतीस उरायला हवं. कामावरून येऊन हात न धुताच त्यांनी डबा काट्यावर ठेवला. एकशे पन्नास.

दुसऱ्या दिवशी पावाचे दोन तुकडे कमी, लोण्याचा एक कोपरा कमी, डब्यातला भात तीन डाव कमी. सगळं धरून पाचशेच्या घरात. काटेवाल्यांना आनंद झाला! खोटं कशाला सांगू, चोरी सापडल्यावर होतो तसाच झाला. साडेपाचशे कमी द्यायच्या आणि पाचशे कुठूनतरी भरून निघायच्या, मग वजन हलेल कसं? आपला हिशोब चुकला नव्हता तर!

त्यांनी लेकीला बाजूला घेऊन विचारलं, "दुपारी घरी येऊन काही खातेस का?"

"मी आठला जाते ती सहाला येते," लेक म्हणाली. मग जरा थांबून हळू आवाजात म्हणाली, "दुपारी घरी कोण असतं, बाबा?"

काटेवाल्यांना ते ठाऊक होतं. पण तिकडे त्यांचं मन जायला तयार नव्हतं. बरं, खात असेल, भूक लागत असेल, त्यात काय एवढं? अर्धा ताससुद्धा उपाशी न राहणाऱ्या बाईला आपण चौदा आठवडे मोजून मापून वाढतोय. सांगायला लाजत असेल. अशी स्वतःची समजूत घालत ते शनिवारी दुपारी, अर्ध्या दिवसाची सुटी झाल्यावर, बाजारात न जाता थेट घरी आले.

दार नुसतं लोटलेलं होतं. बायको ओट्यापाशी उभी होती. पातेलं पुढ्यात, हातात डाव. ताट नाही, वाटी नाही. डावाने सूप तोंडात घालत होती, गिळत होती, पुन्हा घालत होती. भुकेलं माणूस खातं तसं ते खाणं नव्हतं. त्यात चव नव्हती की घाई नव्हती. डोळे भिंतीवर, आणि प्रत्येक घासाला कपाळावर आठी. औषधाचा डोस संपवावा तसं तिने पातेल्याचं बूड दिसेपर्यंत खाल्लं. मग पाण्याचा अख्खा पेला प्यायली आणि बाथरूमच्या दारातला काटा पायाने ओढून त्यावर उभी राहिली. खाली पाहिलं. आकडा वाचून तिने सुटकेचा श्वास सोडला.

सोळा आठवड्यांच्या हिशोबात या श्वासाला कुठलंच खातं नव्हतं.

तिने वळून पाहिलं आणि काट्यावरच थिजली.

"अगं, भूक लागते तर सांगायचंस," काटेवाले म्हणाले. चांगल्या मनानेच म्हणाले. "संध्याकाळचं थोडं कमी करू आणि दुपारी—"

"मला भूक लागत नाही."

"मग?"

"मला द्यायची नाहीये," ती म्हणाली.

"काय?"

"किडनी. दादाला. मला द्यायची नाहीये." ती काट्यावरून खाली उतरली, पदराला हात पुसत राहिली, हात कोरडेच होते तरी. "मला भीती वाटते. बेशुद्ध करतील आणि मी परत उठणारच नाही, असं वाटतं. दिवसाउजेडी वाटतं, भांडी घासताना वाटतं. बालवाडीत पोरं झोपतात ना, त्यांच्याकडे बघताना वाटतं. मला कापून घ्यायचं नाहीये. आणि हे तोंडाने म्हणायची माझी छाती नाही."

काटेवाले खुर्चीवर बसले. "तू कधी नाही म्हणाली नाहीस."

"मला विचारलं कोणी?" तिचा आवाज आता चढला. "जुळली म्हणाले आणि दादाने टाळी वाजवली. आई गेल्यावर माझ्या वेण्या घालायचा तो, शाळेत जाताना. वाकड्या घालायचा, पण रोज घालायचा. त्याच्या त्या टाळीपुढे मी काय नाही म्हणणार होते, सांगा ना! डॉक्टर म्हणाले फक्त आठ किलो. आणि तुम्ही? तुम्ही वाटेत काटा घेतलात. मला वाटलं होतं, निदान घरी येईपर्यंत तुम्ही तरी विचाराल, की बाई गं, तुझ्या मनात काय आहे? तुम्ही विचारलंत, घरात तेल किती आहे!"

काटेवाल्यांना कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. कारण ते खरं होतं. अगदी तेच विचारलं होतं त्यांनी.

मग काटेवाले म्हणाले, "नको तर नको. जबरदस्ती नाही कोणाची. आणि तुला काही सांगायलाही नको. दादांना मी सांगतो, वजन उतरत नाही म्हणून. खोटं थोडंच आहे? वहीत लिहिलेलंच आहे."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. "असं चालेल?"

"न चालायला काय झालं?"

तिचा जीव भांड्यात पडला. चौदा आठवड्यांत पहिल्यांदा ती त्या संध्याकाळी ताटावर बसून दोनशे दहाच जेवली, आणि तिला पुरलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. दादा अकराला आला, नेहमीसारखा जिन्यातूनच हाका मारत. खुर्चीत बसला, धाप ओसरू दिली, आपलं मोजकं अर्धा पेला पाणी घोट घोट प्यायला. लेकीने उशी आणून त्याच्या पाठीशी ठेवली. काटेवाल्यांनी वही उघडली. घसा खाकरला.

"दादा, चौऱ्याहत्तर-सातशे. मला वाटतं, हे काही व्हायचं नाही. चौदा आठवडे झाले. सगळं करून पाहिलं."

दादाचा चेहरा क्षणभर उतरला, पण त्याने लगेच सावरून घेतलं. "एवढंच ना! अहो, थांबू की आणखी. सोळाच्या जागी तीस आठवडे घ्या. मी कुठे पळून चाललोय?"

"नाही, पण... हॉस्पिटलची ती यादी असते ना, अपघातात वगैरे गेलेल्या माणसांच्या किडन्या मिळायची. त्यात तुमचा नंबर आहेच की. तिकडे जोर लावला तर..."

"कुठला नंबर? मी अर्जच दिला नाही." दादा सहज म्हणाला. "दिला होता हॉस्पिटलने कागद, ठमीची जुळली त्याच दिवशी. टेबलाच्या खणात पडलाय. म्हटलं, ज्यांना कोणीच नाही त्यांच्यासाठी ती यादी. त्यात मी कशाला घुसू? माझी ठमी आहे की. आणि तुम्ही तारीख काढून दिलीत, काटेवाले! ग्रॅम न् ग्रॅम मोजून. तुमच्या आकड्यावर माझा डॉक्टरपेक्षा जास्त विश्वास."

त्या यादीत तीन तीन वर्षं नंबर लागत नाही, हे काटेवाल्यांना माहीत होतं. नंबर धरतात तो अर्ज दिल्याच्या तारखेपासून. चौदा आठवडे! चौदा आठवडे हा माणूस रांगेबाहेर उभा होता. बायको गप्प होती म्हणून होताच, पण ह्यांनी वहीत एक तारीख लिहून त्याच्यापुढे धरली होती, म्हणूनही होता. एकही आकडा चुकीचा नव्हता. आणि आता सुद्धा हा मनुष्य, त्यांनी आताच सांगितलेल्या खऱ्या आकड्यावर विसंबून, तीस आठवडे पुरे होईपर्यंत थांबायला तयार होता.

"दादा," काटेवाले म्हणाले आणि त्यांनी वही मिटली.

बायको ओट्यापाशी कांदा चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली. ती येऊन दादाच्या समोरच्या खुर्चीत बसली.

"दादा, वजनाचं काही नाही. मी चोरून खाते. रोज, दुपारी. वजन उतरू नये म्हणून." ती एका दमात बोलली, थांबली असती तर परत सुरू झाली नसती. "मला किडनी द्यायची भीती वाटते. मी नाही देणार."

लेक दारातच उभी राहिली. खालच्या रस्त्यावरून कोणाचा तरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न ऐकू येत होता, तीनदा, चारदा.

दादा हसला नाही. त्याने कोणाच्या हसण्याची वाटही बघितली नाही. "कधीपासून ठरलंय तुझं?" त्याने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"पहिल्या दिवसापासून!" दादाने टेबलावर हात आपटला. सुयांनी काळानिळा झालेला तो हात. "ठमे, मी प्रत्येक रविवारी हे चार जिने चढून येतो. तुझं वजन बघायला. दोनशे ग्रॅम उतरलं की त्या आठवड्यात मला मशीनवर गाणी सुचतात. आणि तू... पहिल्याच दिवशी नाही म्हणाली असतीस तर मी रडलो असतो, चिडलो असतो, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन अर्ज टाकला असता! एवढंच झालं असतं गं! एवढंच!"

"हो," ती म्हणाली. रडत होती, पण मान खाली घातली नाही.

"चूक माझीपण आहे," काटेवाले म्हणाले. "मी तिला विचारलंच नाही. आणि तुम्हाला तारीख दिली."

"तुम्ही गप्प बसा हो जरा," दादा म्हणाला, आणि काटेवाले गप्प बसले.

कोणी जेवायचं नाव काढलं नाही. थोड्या वेळाने दादाने खिशातून किल्ली काढून लेकीच्या हातात दिली. त्याचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. "टेबलाचा वरचा खण. निळ्या पाकिटात." लेक चप्पल घालून पळाली. बायकोने मध्येच उठून गॅस बंद केला आणि परत येऊन त्याच खुर्चीत बसली.

अर्ज चार पानी होता. दादा एकेक रकाना भरत गेला. वय, रक्तगट, कधीपासून मशीनवर, कोणते दिवस. काही विचारायचं असलं तर काटेवाल्यांना विचारत होता, बहिणीला नाही. तिसऱ्या पानावर येऊन पेन थांबलं. दादाने तो प्रश्न मोठ्याने वाचला.

"घरातून कोणी देणारं आहे का?"

काटेवाल्यांचं तोंड उघडलं होतं, काहीतरी सांभाळून घेणारं सांगायला. त्यांनी ते मिटलं. या रकान्याचं उत्तर त्यांचं नव्हतं.

"काय लिहू?" दादाने विचारलं. अर्ज भरायला घेतल्यापासून पहिल्यांदाच त्याने बहिणीकडे पाहिलं.

"नाही लिही, दादा."

दादाने लिहिलं. पान उलटलं, सही केली आणि सहीखाली त्या दिवसाची तारीख घातली. बायको ती तारीख बघत राहिली. मग म्हणाली, "मंगळवारी मी येऊ? मशीनवर चार तास असतोस ना, तिथे बसायला?"

दादा अर्जाची घडी घालत होता. "मला तुझा राग आलाय, ठमे. मंगळवारी पण असेल. पुढच्या मंगळवारी पण असेल."

"असू दे."

"मग ये," दादा म्हणाला. "आठ वाजता सुया लावतात. त्याच्या आधी ये."